गाणं सुरू कधी होणार?

पोस्ट-रॉक ऐकणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारच्या डेस्कवरचा मित्र कुतूहलाने आपला एक इअरफोन स्वतःच्या कानात घालतो, अर्धा मिनिट ऐकतो, एक मिनिट ऐकतो आणि मग चेहऱ्यावर काळजी आणून विचारतो, "अरे, गाणं सुरू कधी होणार?" आता त्याला काय सांगणार? की बाबा रे, हेच गाणं आहे, आणि अजून अकरा मिनिटं बाकी आहेत?

तर मंडळी, या वीकेंडला त्या मित्राला (आणि त्याच्यासारख्या असंख्यांना) एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकायचं ठरवलंय. सविस्तर म्हणजे इतिहासासकट. कारण हा प्रश्न पोस्ट-रॉकपुरता नाहीच. शब्द नसलेलं, लांबलचक, सावकाश चढत जाणारं संगीत माणसाने का ऐकावं आणि त्याला वेळ कुणी काढून द्यावा, हा फार जुना झगडा आहे. त्यातला एक महत्त्वाचा डाव आपल्या मुंबईत खेळला गेला, १९६७ साली. आणि तो मांडणारा माणूस मराठी होता.

पण आधी पोस्ट-रॉक म्हणजे काय ते थोडक्यात. गिटार, बेस, ड्रम्स ही सामग्री सगळी रॉकचीच. पण गायक बहुधा नसतो, असलाच तर मागे कुठेतरी धुक्यात. मुखडा-अंतरा असा प्रकार नाही. एखादा साधा स्वरसमूह हळू आवाजात सुरू होतो, पुन्हा पुन्हा येतो, दर फेरीला त्यात काहीतरी नवीन मिसळतं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बघावं तर आपण एका प्रचंड आवाजाच्या मधोमध उभे असतो. इंग्लिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने १९९४ साली हा शब्द रूढ केला. त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ असा, की वाद्यं रॉकची पण काम मात्र रॉकचं नाही. गिटार इथे ठसकेबाज तुकडे वाजवायला नसते, ती रंग आणि पोत तयार करायला असते. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या प्रकाराचं मूळ शोधायला गेलं की दोन रेकॉर्ड्स नेहमी पुढे येतात. एक म्हणजे लंडनच्या 'टॉक टॉक' या बँडची १९८८ची 'स्पिरिट ऑफ ईडन'. हा बँड आधी चांगला चकचकीत पॉप वाजवायचा, टॉप टेनमध्ये जायचा. मग त्यांचा मुख्य गायक मार्क हॉलिसने असं काही तरी केलं की कंपनीचे लोक चक्रावले. अंधाऱ्या स्टुडिओत महिनोन्‌महिने बसून, वादकांकडून तासन्‌तास वाजवून घेऊन, त्यातले मोजके तुकडे ठेवून बाकी फेकून देऊन बनवलेली ही रेकॉर्ड. दुसरी म्हणजे अमेरिकेत लुईव्हिल गावच्या 'स्लिंट' या बँडची १९९१ची 'स्पायडरलँड'. विशीतली चार पोरं, चार दिवसांचं रेकॉर्डिंग, आणि रेकॉर्ड दुकानात यायच्या आत बँड फुटलेला! त्यानंतर शिकागोच्या 'टॉर्टस'ने १९९६ साली 'जेड' नावाचा जवळजवळ २१ मिनिटांचा तुकडा केला, ग्लासगोच्या 'मोग्वाय'ने १९९७ साली पहिल्याच अल्बमचा शेवट १६ मिनिटांच्या वादळाने केला, आणि माँट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर'ने २००० साली दोन डिस्कवर मिळून फक्त चार तुकडे दिले, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे. आइसलँडचा 'सिगुर रोस', टेक्ससचा 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय', जपानचा 'मोनो' ही पुढची नावं तुम्ही कदाचित ऐकली असतील. आपल्या देशातही हे लोण आलं. 'अ‍ॅज वी कीप सर्चिंग' या भारतीय बँडचे 'ख्वाब' (२०१५), 'झिया' (२०१७) आणि 'रूह' (२०१९) हे अल्बम अवश्य ऐका.

आमच्या पिढीकडे हे सगळं आलं ते दोन टप्प्यांत. आधी इंजिनिअरिंगच्या सीनिअर्सच्या पेन ड्राइव्हवरून, आणि मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर थेट फोनवर. अख्खेच्या अख्खे अल्बम यूट्यूबवर पडलेले असायचे, आणि डोंबिवलीहून कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडे वेळ भरपूर. लोकलमध्ये पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, पण कान मोकळे असतात. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. (२०२२ साली नव्या मार्गिका झाल्या आणि फास्ट गाड्या मुंब्र्यावरून जायला लागल्या.) त्या सव्वा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की बाहेरचा खडखडाट आणि कानातली गिटार यातला फरकच कळेनासा व्हायचा. मोग्वाय ऐकायला याहून चांगलं सभागृह ठाणे जिल्ह्यात नव्हतं, असं माझं आजही मत आहे.

आता इथवर वाचून कुणीही म्हणेल की हे सगळं गोऱ्यांचं खूळ, आपला काय संबंध? संबंध सांगतो. त्यासाठी जरा मागे, म्हणजे थेट १९०२ सालात जाऊ.

त्या वर्षी फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. गाणं संपताना गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, ते आजही त्या रेकॉर्ड्सवर ऐकू येतं. त्या आधी कुठल्याच गवयाला तीन मिनिटांत राग मांडायची वेळ आली नव्हती. मैफलीत एक ख्याल तासभर चालायचा. तबकडीने सांगितलं, तीन मिनिटं, त्यात काय ते उरका. लोकांनीही उरकलं, आणि असं उरकलं की थक्क व्हावं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्ड्स ऐकून बघा. किंवा आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची ती भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती साडेतीन मिनिटांचीच आहे. सूर्यमालेच्या बाहेर आपलं संगीत पोचलं ते त्या तीन मिनिटांच्या चौकटीत बसून.

पण या हिशोबात एक गोष्ट मेली. आलाप. जे सावकाश उलगडतं त्याला तीन मिनिटांत जागाच नाही. आज आपल्या डोक्यात 'गाणं' म्हटलं की तीन-चार मिनिटांचा तुकडा जो येतो, ती काही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही. ती एका तबकडीच्या भौतिकशास्त्राने दिलेली आहे. हिशोब करा ना, आपण इंजिनिअर लोक आहोत. मिनिटाला ७८ फेरे, तीन मिनिटं, म्हणजे २३४ फेरे. दहा इंची तबकडीवर जाड्या खाचांचे तेवढेच फेरे मावायचे. मग १९४८ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत एलपी आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, खाचा बारीक, तबकडी बारा इंची. एका बाजूला बावीस मिनिटं धरली तर सातशे तेहतीस फेरे! एवढ्याशा बदलाने काय झालं, तर वाजवणाऱ्याला अचानक सातपट वेळ मिळाला. १९५५ साली न्यूयॉर्कला अली अकबर खाँसाहेबांनी पूर्ण एका बाजूला एक राग अशी एलपी केली, तिची ओळख स्वतः येहुदी मेन्युहिनने आपल्या आवाजात करून दिली. आलाप परत आला.

आणि इथे आपल्या गोष्टीतला मराठी माणूस येतो. जी. एन. जोशी.

हे नाव आज आपल्या वयाच्या कुणाला विचारलं तर बहुतेकांना माहीत नसतं. आपल्या आजी-आजोबांना विचारा. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता १९३०च्या दशकात ज्यांच्या आवाजात घराघरात पोचली, ते हे जोशी. मराठी भावगीताचा आरंभ म्हणून ज्या मोजक्या तबकड्यांकडे बोट दाखवतात त्यातली ती एक. म्हणजे तीन मिनिटांच्या जगातला यशस्वी माणूस. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागले आणि आयुष्यभर दुसऱ्यांचं गाणं मुद्रित करत राहिले. रुसणारे गवई, वेळेवर न येणारे गवई, 'मी यंत्रापुढे गात नाही' म्हणणारे गवई, सगळ्यांना समजावून माइकसमोर बसवणं हे त्यांचं काम. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक मिळालं तर सोडू नका.

तर अशा या जोशींनी १९६७ साली एक रेकॉर्ड निर्माण केली. नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. वादक तिघं. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तबल्याला आपले माणिकराव पोपटकर. गायक नाही. शब्द नाहीत. कल्पना अशी, की काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, सुरांतून सांगायचा. सकाळी अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. चाळीसेक मिनिटं, दोन बाजू, एक गोष्ट.

आता वरचं वर्णन पुन्हा वाचा आणि त्यातली रागांची नावं काढून टाका. शब्द नाहीत, गायक नाही, एक निसर्गचित्र, एक दिवस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध ऐकायचा अल्बम. हे वर्णन कुणाचं वाटतं? मला तर आइसलँडच्या एखाद्या बँडच्या अल्बमचं वाटतं. आणि हे 'स्पायडरलँड'च्या चोवीस वर्षं आधीचं आहे.

गंमत इथे संपत नाही. त्या तिन्ही वाद्यांकडे बघा. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं साथीचं वाद्य. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन कलमांनी तारांवर आघात करायचा, म्हणजे सूर तुटक येणार. मींड निघणार कशी? आणि मींड नाही तर राग कसला? शिवकुमार १९५५ साली सतरा वर्षांचे असताना मुंबईत पहिल्यांदा मैफलीत संतूर घेऊन बसले तेव्हापासून हा आक्षेप त्यांच्या मागे होता. त्यांनी वाद्याच्या रचनेत बदल केले, तारा कमी केल्या, ते वाद्य मांडीवर घेतलं, कलम तारेवर घासत नेऊन सूर लांबवायची युक्ती काढली. बासरी ही गुराख्याची. पन्नालाल घोषांनी ती मैफलीत आणली खरी, पण ते १९६०मध्येच गेले. हरिप्रसाद पहिलवानाचा मुलगा, आकाशवाणीच्या नोकरीत कटकला, तिथून मुंबईला आलेला, सिनेमाच्या स्टुडिओंत बासरी वाजवणारा. आणि गिटार? ती तर हॉटेलात आणि सिनेमात वाजवायची गोष्ट! काब्रांनी ती आडवी घेतली, पडद्यांवर बोटं न दाबता तारेवर कांडी फिरवून मींड काढली आणि अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली.

म्हणजे तिन्ही वाद्यं शास्त्रीय मैफलीच्या दाराबाहेरची. प्रत्येकाने आपलं वाद्य ज्या कामासाठी नव्हतंच त्या कामाला लावलेलं. मघाशी रेनॉल्ड्सचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता ना? वाद्य एका जगातलं, काम दुसऱ्या जगातलं. त्याने ते १९९४ साली लिहिलं. काब्रांची गिटार सत्तावीस वर्षं आधी मुंबईत तेच करत होती.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९६७ साली शिवकुमार एकोणतीस वर्षांचे, हरिप्रसाद एकोणतीस वर्षांचे, काब्रा तीस वर्षांचे. मित्रहो, आपल्याच वयाची पोरं! आज 'पंडितजी' म्हणून पांढऱ्या केसांचा फोटो डोळ्यासमोर येतो म्हणून आपल्याला वाटतं की हे ज्येष्ठांचं संगीत. छे. हे तीन तरुणांनी, दिवसभर सिनेमाची रेकॉर्डिंग्ज सांभाळत, घराणेवाल्यांचे टोमणे खात केलेलं काम आहे. आणि त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस मात्र पन्नाशी ओलांडलेला, कंपनीतला. आपल्या भाषेत सांगायचं तर, पोरांचा प्रोटोटाइप बघून 'करा, मी वर बोलतो' म्हणणारा मॅनेजर. असा मॅनेजर मिळणं किती दुर्मिळ असतं हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको :)

याच्या अगदी उलट उदाहरण ऐका. वर ज्या 'स्पिरिट ऑफ ईडन'चा उल्लेख केला, ती ईएमआय कंपनीची. आणि आपली एचएमव्ही तेव्हा त्याच ईएमआयच्या घराण्यातली. १९८८ साली त्या कंपनीने मार्क हॉलिसची रेकॉर्ड ऐकली आणि प्रकरण कोर्टात नेलं. म्हणणं काय, तर ही रेकॉर्ड व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक नाही! कोर्टात ते टिकलं नाही, पण बँड आणि कंपनी यांचं नातं तिथेच तुटलं. एकाच घराण्यातल्या दोन कचेऱ्या, एकवीस वर्षांच्या अंतराने. एकीकडे शब्द नसलेला अल्बम निर्मात्याने उचलून धरला आणि तो भारतीय वाद्यसंगीताच्या सर्वांत खपलेल्या रेकॉर्ड्सपैकी एक ठरला. जॉर्ज हॅरिसन, डेव्हिड क्रॉस्बी यांच्यासारख्यांची नावं तिचे चाहते म्हणून घेतली जातात. दुसरीकडे कंपनीने वकील लावले आणि आज तीच रेकॉर्ड एका अख्ख्या संगीतप्रकाराची जननी म्हणून ओळखली जाते. दोन्हीकडे काळाने निकाल एकच दिला. फरक पडला तो त्या वेळी टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं त्याने.

आता 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' या थाटात मला जायचं नाहीये. पुष्पक विमानवाल्यांची कमी नाही, त्यात माझी भर नको. 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हणजे पोस्ट-रॉक नव्हे, आणि ग्लासगोच्या पोरांनी ते ऐकून काही उचललं असंही नाही. फरक मोठे आहेत. आपल्याकडे रागाची चौकट, आणि तिच्या आत वादक त्या क्षणाला सुचेल ते वाजवतो. पोस्ट-रॉकमध्ये बहुतेक सगळं आधी बांधलेलं, सराव करून घोटलेलं. त्यांच्याकडे अनेक सूर एकावर एक रचून भिंत उभी करतात, आपल्याकडे एका सुराच्या पोटात शिरतात. आणि आवाज! मोग्वायच्या मैफलीत कानात बोळे घालावे लागतात. संतूर ऐकायला पंखा बंद करावा लागतो.

पण दोन गोष्टी मात्र खरंच एका जातीच्या आहेत. पहिली, तालाचं आगमन. आलापात ताल नसतो, आणि मग ज्या क्षणी तबल्यावर पहिली थाप पडते तेव्हा अंगावर काटा येतो. 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' ऐकताना चार-पाच मिनिटांनी ड्रम्स शिरतात तेव्हा नेमकं तेच होतं. दोन्हीकडे हा आनंद आधीच्या थांबण्यातून आलेला असतो. ते थांबणं गाळलं तर थाप ही नुसती थाप. दुसरी गोष्ट, अर्थ नसलेले शब्द. सिगुर रोसचा गायक योन्सी बऱ्याच गाण्यांत कुठलीच भाषा गात नाही, नुसती अक्षरं गातो. २००२च्या अल्बमला तर त्यांनी नावच दिलं नाही, फक्त दोन कंस. आतल्या पुस्तिकेची पानं कोरी, ऐकणाऱ्याने काय वाटेल ते लिहावं. जगभर याचं केवढं कौतुक झालं. रास्तच झालं. पण तराणा आणि नोम-तोम ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात दचकण्यासारखं काय आहे?

हे मला नीट कळलं ते आजोबांमुळे. माझे आजोबा कल्याणचे, पारनाक्याजवळ राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि गायन समाजाच्या देवगंधर्व महोत्सवाला सतरंजीवर जागा धरून बसणाऱ्यांपैकी. भास्करबुवा बखल्यांच्या नावाचा तो महोत्सव हा त्यांच्या वर्षातला खरा सण. इकडे ठाण्याला गडकरीत राम मराठे महोत्सव असला की माझ्याकडे मुक्काम. अशाच एका रात्री मी त्यांच्या कानाला माझे मोठे हेडफोन लावले आणि 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय'चा २००३चा अल्बम सुरू केला. मला वाटलं दोन मिनिटांत काढून ठेवतील. त्यांनी डोळे मिटले. आठ-नऊ मिनिटं हललेसुद्धा नाहीत. फक्त उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू मात्रा मोजत होतं. मग हेडफोन उतरवून म्हणाले, "बढत चांगली आहे रे पोरांची. घाई करत नाहीत. पण समेवर आले की फार आरडाओरडा करतात."

मी विचारलं, "आजोबा, शब्द नाहीत, काही नाही, तुम्हाला कंटाळा नाही आला?"

"अरे, शब्द कळावेत म्हणून कोण जातं गाण्याला?" असं म्हणून ते झोपायला गेले.

जगातल्या कुठल्याही समीक्षकाने मोग्वाय आणि मंडळींवर इतकी नेमकी टीका केलेली मी वाचलेली नाही. आजोबा आता नाहीत. पण त्यांच्या त्या एका वाक्याने माझी एक समजूत पक्की झाली, की लांब संगीत ऐकणं ही आवडीनिवडीपेक्षा सवयीची गोष्ट आहे. ज्याला बढत ऐकायची सवय आहे त्याला टेक्ससची बढतही कळते. आणि ज्याची ती सवय गेली, त्याला भीमसेन आणि मोग्वाय दोन्ही सारखेच लांबलचक.

आणि ती सवय आपल्या डोळ्यांदेखत जातेय, हे मला खरं सांगायचं आहे. बघा, १९०२ साली तबकडीने तीन मिनिटं दिली तेव्हा लोकांची तक्रार होती की वेळ पुरत नाही. १९४८ साली बावीस मिनिटं झाली. सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटं. आज फोनमध्ये मर्यादाच नाही, दिवसभराचा एक राग टाकला तरी मावेल. जोशींनी ज्या मिनिटांसाठी आयुष्य घालवलं ती आता फुकट आहेत. आणि नेमकं आत्ताच आपण तीस सेकंदांवर आलोय. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं आणि त्याचे पैसे लागू होतात. मग गाणं बनवणारा काय करेल? जे काही आहे ते पहिल्या तीस सेकंदांत ओतेल. आलापाची हत्या दुसऱ्यांदा, आणि या वेळी भौतिकशास्त्राची सबबही नाही.

आपल्या आयटीवाल्यांनी पोस्ट-रॉकचं जे केलंय ते तर अजूनच वाईट. आपण त्याचं वॉलपेपर करून टाकलं. शब्द नाहीत, म्हणजे कोड लिहिताना डिस्टर्ब होत नाही, म्हणजे लावा 'फोकस'च्या प्लेलिस्टमध्ये. तिथे गॉडस्पीडच्या वीस मिनिटांच्या तुकड्यातली मधलीच लाट, त्यानंतर कुणाचा तरी पियानो, त्यानंतर पावसाचा आवाज. संतूरचंही तेच झालं. अख्ख्या आयुष्याचा आटापिटा करून शिवकुमारांनी ज्या वाद्याला मैफलीत मधोमध बसवलं, ते आज हॉटेलच्या लॉबीत आणि स्पामध्ये मागे वाजत असतं. १० मे २०२२ रोजी ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'खूप रिलॅक्सिंग म्युझिक होतं.' हेतू चांगलाच होता त्याचा. पण संतूरला मींड नाही म्हणणाऱ्या समीक्षकाने निदान ऐकलं तरी होतं, असं माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

म्हणूनच त्या डेस्कवरच्या मित्राचा प्रश्न मला हल्ली आवडायला लागलाय. 'गाणं सुरू कधी होणार' असं विचारणारा निदान कशाची तरी वाट बघतोय. वाट बघणं हेच तर या संगीताचं अर्धं काम.

तर आता गृहपाठ. (वीकेंडचा निबंध आहे, गृहपाठ हवाच.) येत्या आठवड्यात एकदा चाळीस मिनिटं काढा. 'वेळ नाही' हे कारण चालणार नाही. ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर, कल्याणहून ५४. स्लो गाडीत ठाणेकराला एक अल्बम सहज बसतो, कल्याणकराला फास्टमध्येही बसतो. हे अंतर कापायला इंग्रजांनी १८५३-५४मध्ये रेल्वे टाकली ती बहुधा याचसाठी. पहिल्या दिवशी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने, शफल बंद. सकाळच्या गाडीला लावलीत तर अहीर भैरव अगदी वेळेवर येईल. दुसऱ्या दिवशी 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय'चा तो २००३चा अल्बम, 'दि अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस'. पाच तुकडे, पाऊण तास. त्या वेळात कोड नको, मेल नको, रील नको. खिडकीची जागा मिळाली तर खाडी बघा, नाही मिळाली तर पुढच्याच्या पाठीवरची बॅग बघा.

आणि दोन्ही ऐकून झाल्यावर कुठल्या मिनिटाला तबला शिरला आणि कुठल्या मिनिटाला ड्रम्स, ते मला जरूर कळवा. माझी आकडेवारी तयार आहे, पण आधी तुमची बघतो.